फायर डोअरवर लिहिलेली ‘120 मिनिटं’ कुणी मोजली? आगीची चाचणी नेमकी कशी होते?

मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये किंवा एखाद्या ऑफिसच्या जिन्याजवळ तुम्ही जड दरवाजा पाहिला असेल. आपोआप बंद होणारा. त्याच्या कडेला छोटी पट्टी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, 60 मिनिटं किंवा 120 मिनिटं. हा आकडा आला कुठून? कुणी खरंच दरवाजाला आग लावून घड्याळ धरून बसलं होतं का?

तर हो, जवळपास तसंच.

चाचणीसाठी भिंतीएवढी भट्टी असते. दरवाजा चौकट, बिजागऱ्या, कुलूप सगळ्यासकट या भट्टीच्या तोंडावर बसवतात आणि आतले बर्नर पेटवतात. आतलं तापमान मनाला येईल तसं वाढवत नाहीत. ‘आयएसओ 834’ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचं वेळापत्रकच ठरलंय: पाचव्या मिनिटाला 576 अंश सेल्सिअस, अर्ध्या तासाला 842, तासाभराने 945 आणि दोन तासांनी 1049. खरी आग अशी शिस्तीत वाढत नाही. ती भडकते, जळण संपलं की उतरते. पण सगळीकडे एकच वेळापत्रक पाळलं तरच एका प्रयोगशाळेतल्या दरवाजाची दुसरीकडच्या दरवाजाशी तुलना करता येते. आपल्याकडे अशा चाचण्यांसाठी रूरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था, म्हणजे सीबीआरआय, ओळखली जाते.

निकाल कसा ठरतो?

एवढ्या मोठ्या भट्टीचा निकाल बऱ्याचदा कापसाच्या एका तुकड्यावर ठरतो. दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला फट दिसली की तारेच्या चौकटीतला कापूस तिच्यासमोर जास्तीत जास्त 30 सेकंद धरतात. कापूस पेटला की दरवाजा त्या मिनिटाला नापास. बाहेरच्या बाजूला सलग 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ ज्वाळा दिसल्या तरी नापास. ठराविक जाडीची सळई फटीतून आत गेली तरी तेच.

दुसरी कसोटी उष्णतेची. दरवाजाच्या थंड बाजूचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी 140 अंशांनी किंवा कुठल्याही एका ठिकाणी 180 अंशांनी वाढलं, की उष्णता थोपवण्याची वेळ तिथेच संपली. हा फरक समजून घ्या. एखादा पत्र्याचा दरवाजा दोन तास ज्वाळा अडवू शकतो, पण तेवढ्या वेळात तो स्वतःच इतका तापतो की त्याच्या शेजारून जाणंही कठीण होतं. त्यामुळे नुसतं ‘120 मिनिटं’ ऐकून पुरत नाही, कशाची 120 मिनिटं ते विचारावं लागतं.

खांब आणि तुळयांची अडचण वेगळी. पोलाद जळत नाही, पण 600 अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्याहून खाली येते. म्हणूनच कारखान्यांच्या सांगाड्याला आगीत फुगून जाड थर बनवणारा खास रंग देतात.

सोफा, वायर, फोम यांचं काय? तिथे किती वेळ टिकतं यापेक्षा किती जोरात जळतं, हे महत्त्वाचं. त्यासाठी ‘कोन कॅलरीमीटर’ हे यंत्र आहे. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झालं. 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा शंकूच्या आकाराच्या हीटरखाली जाळतात आणि धुरात ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजतात. एक किलो ऑक्सिजन खर्च झाला की साधारण 13.1 मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते, मग जळणारी वस्तू प्लास्टिक असो वा लाकूड. या एका आकड्यावरून आगीचा जोर काढता येतो.

मग चाचणी पास झालेल्या वस्तू कशा जळतात?

कारण चाचणी पास होतो तो नमुना. बाजारात येणारा माल तोच असेल, याची हमी भट्टी देत नाही. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण लंडनमधलं आहे.

14 जून 2017 च्या रात्री ग्रेनफेल टॉवर ही 24 मजली इमारत पेटली आणि 72 जणांचा जीव गेला. आग पसरण्याचं मुख्य कारण होतं बाहेरून लावलेलं क्लॅडिंग, म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेल्या शीट्स. चौकशी सुरू झाल्यावर त्यामागच्या उष्णतारोधक फोमच्या चाचण्यांची कहाणीही बाहेर आली. ब्रिटनमध्ये अशा भिंतींसाठी सुमारे 8 मीटर उंच नमुना उभारून खाली लाकडं पेटवतात आणि वर बसवलेल्या सेन्सरवर तापमान बघतात. सेलोटेक्स कंपनीचा फोम 2014 मध्ये पहिल्या फेरीत टिकला नाही. दुसऱ्या फेरीत सेन्सरजवळ मॅग्नेशियम ऑक्साइडचे आगरोधक बोर्ड बसवले गेले, नमुना पास झाला आणि अहवालात त्या बोर्डांचा उल्लेखच आला नाही. किंगस्पॅनने 2005 च्या चाचणीचा दाखला वर्षानुवर्षं वापरला, पण फोमची रचना नंतर बदललेली होती. तो अहवाल मागे घ्यायला 2020 उजाडलं. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या चौकशी समितीच्या अंतिम अहवालात कंपन्यांच्या अप्रामाणिकपणावर कडक ताशेरे आहेतच, शिवाय चाचणी घेणाऱ्या बीआरई या संस्थेलाही सोडलेलं नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी फार जवळ आले की असं होतं.

आपल्याला काय विचारता येईल?

‘फायर रेटेड’ म्हणून माल विकणाऱ्याकडे चाचणीचा पूर्ण अहवाल मागा, फक्त पहिलं पान नको. नमुन्याची जाडी, फ्रेम, कुलूप, काच आणि तुम्हाला मिळणारा माल एकच आहे का, ते बघा. साइटवर दरवाजात नवीन कुलपासाठी भोक पाडलं, तर तो दरवाजा चाचणीतला राहत नाही. आणि चाचणी बंद दरवाजाची होते. हवा यावी म्हणून विटेची टेकण लावून उघडा ठेवलेला दरवाजा धूर एक मिनिटही अडवत नाही.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, मालकाला किंवा ताबेदाराला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीचा किंवा ऑफिसचा शेवटचा फॉर्म कधीचा आहे, हे सेक्रेटरीला किंवा अॅडमिनला विचारता येतं.