आत्या गोष्ट सकुबाईंपासून सांगायची

मळवलीत नोव्हेंबरअखेरीस भाताची झोडणी जोरात असते. १९७६ च्या त्या दिवसांत खळ्यावर राखणीला एकटं कुणी झोपेनासं झालं, असं आजोबा सांगत. आंबेमोहराची पोती कुणी उचलून नेईल ही भीती जुनीच होती. नवी भीती पुण्यातल्या खुनांची, ती आगगाडीनं आली होती. दूध घालायला गेलेले, कारखान्यातली पाळी करून परतलेले, सगळे स्टेशनात उतरले की आधी तेच सांगत: काल कुठल्या पेठेत माणसं रात्रभर जागली, दिवेलागणीलाच कुठले रस्ते ओस पडले. आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर बंधनं होती, त्यामुळे लोक छापलेल्यापेक्षा ऐकलेल्यावर अधिक विसंबत.

घरात त्या खुनांची गोष्ट मी दोन तोंडांनी ऐकली. आजोबांच्या गोष्टीतले मारेकरी काळोखातून येत, भिंती चढत, कुणाला दिसत नसत. ती पोरं चित्रकलेची होती हे कळल्यावर तर गावात कथाच उठली की, भाज्याच्या लेण्यांत चित्रं काढायला आली होती ती हीच, आपल्याच स्टेशनवर चहा पिऊन गेली. माझा या कथेवर विश्वास नाही. आपण त्यांना पाहिलं होतं असं म्हटलं की भीतीला चेहरा मिळतो, म्हणून ती जन्मली असावी.

आत्या त्या वेळी पुण्यात डेक्कनच्या बाजूला एका घरी राहून काम करायची. ती आजोबांना मधेच तोडायची. "दादा, ते काय कौलं काढून आल्ते व्हय? बेल वाजवून आले. दार आतनं उघडलं."

आत्याचंच खरं होतं. मारेकरी राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. सुहास चांडक हा त्यांचा सोबती पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्यांचा पहिला बळी परका नव्हता. प्रकाश हेगडे त्यांच्याच कॉलेजात शिकत होता, त्याच्या वडिलांचं 'विश्व' हे हॉटेल कॉलेजच्या मागेच होतं. जानेवारी १९७६ मध्ये त्याला ओळखीच्याच बोलण्यानं बाहेर काढलं, कर्वे रोडवरच्या जक्कलच्या शेडमध्ये नेलं आणि आपण घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याच हातून लिहवून घेतली. रात्री त्याचा गळा आवळून त्याला पिंपात घातलं आणि ते पिंप पेशवे पार्काच्या तळ्यात सोडून दिलं. मग बापाकडे खंडणीची चिठ्ठी गेली. मुलगा कुठेतरी जिवंत आहे असं मानून वाट पाहणाऱ्या त्या घराचं वर्ष कसं गेलं असेल, हा विचार आला की मला पुढं सांगवत नाही.

३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषाताई आणि मुलगा आनंद मारले गेले. हाती लागलं ते मंगळसूत्र, घड्याळ आणि पैसे. २२ नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या एका घरात मात्र ते फसले. घरातल्या नोकरमाणसांनी झुंज दिली आणि त्यांना पळावं लागलं. आजोबांच्या गोष्टीत हा प्रसंग कधीच नसे. आत्या तो उभी राहून सांगायची. त्या घरची नोकरमाणसं तिनं पाहिलेली नव्हती, तरी आपल्याच भावकीतली असावीत तशी ती त्यांच्याबद्दल बोलायची.

आणि मग १ डिसेंबर. भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जण मारले गेले. या प्रकरणाला लोक 'जोशी-अभ्यंकर' म्हणतात. काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे पंडित, वय ८८. त्यांच्या पत्नी इंदिराबाई, तरुण नात जाई, नातू धनंजय. पाचव्या होत्या सकुबाई वाघ, त्या घरी काम करणाऱ्या, साठीच्या. बाहेर 'अभ्यंकर कुटुंब' एवढंच बोललं जाई. आत्या मात्र सुरुवातच सकुबाईंपासून करायची. तिला शास्त्रीबुवांचा कोश ठाऊक नव्हता. दुसऱ्याच्या घरची बेल वाजली की हातातलं काम टाकून आपणच उठायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. त्या डिसेंबरात तिच्या मालकिणीनं दाराला साखळी बसवून घेतली, तेव्हा साखळी लावायचं आणि फटीतून बघायचं काम आत्याच्याच वाट्याला आलं. "भ्या सगळ्यांना, पण दाराशी मीच," ती म्हणायची. या हत्याकांडावर मी पुष्कळ वाचलं, पण इतकी नेमकी गोष्ट मला दुसरीकडे मिळाली नाही.

शेवटचा खूनही ओळखीतूनच झाला. २३ मार्च १९७७ ला कॉलेजातल्या मित्राचा धाकटा भाऊ अनिल गोखले त्यांच्या हाती सापडला. दोनच दिवसांपूर्वी आणीबाणी उठली होती. २४ मार्चला दिल्लीत मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी लोखंडी शिडीला दगडांसह बांधलेला तो देह येरवड्याजवळ नदीत वर आला. नायलॉनच्या दोरीच्या गाठी मागच्या खुनांतल्या गाठींसारख्याच होत्या. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांनी तपास पुढं नेला आणि आठवड्याभरात टोळी हाती आली. मग तळ्यातलं पिंपही निघालं. आजोबा म्हणत, त्या वर्षीच्या पाडव्यानंतर माणसं पुन्हा अंगणात झोपू लागली.

खटला १९७८ च्या मे महिन्यात उभा राहिला. २८ सप्टेंबरला न्यायाधीश वा. ना. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं ती १९७९ साली कायम केली, सर्वोच्च न्यायालयात दाद लागली नाही, दयेचे अर्ज फेटाळले गेले. मुनव्वर शहानं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. 'माफीचा साक्षीदार' नावाचा सिनेमाही आला. जक्कलचं नाव आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. जाई आणि धनंजय यांची नावं विचारली तर मोठी माणसंही अडखळत. गोष्ट सांगणाऱ्यांनी, आमच्या घरातल्यांनीसुद्धा, चार नावं जपली आणि दहा गाळली, याचं मला फार वाईट वाटतं.

२७ नोव्हेंबर १९८३, रविवार. येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. बातमी खळ्यावर पोचली तेव्हा पुन्हा झोडणीचेच दिवस होते. आजोबांनी देवाला हात जोडले. आत्या सुट्टीला आली होती. आजोबा तिला म्हणाले, "आता सांग तुझ्या बाईंना, साखळी काढा म्हणावं."

आत्या म्हणाली, "फाशी त्यांना झाली दादा. बेल वाजायची काय थांबलीय?"