मत्स्यालयाचा गारवा

लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती, दोन सोनमासे आणि गोगलगायी यांचा एका काचपात्रात संसार मांडून, वनस्पतीच्या प्राणवायूवर मासे जगतात हे सप्रमाण दाखविले, तेव्हाच, ज्या प्रकाशावाचून वनस्पती तगत नाही तोच उन्हाळ्यात पाणी तापवून माशांचा घात करतो, हा पेचही उपस्थित झाला. रीजेंट्स पार्कमधील 1853 चे मत्स्यगृह तर लोखंड व काच यांचेच असल्यामुळे उन्हाचा ताप थेट हौदांत उतरे. वॉरिंग्टन यांनी पाटीच्या दगडाचे, मुख्यतः वरूनच उजेड घेणारे हौद योजिले. परंतु मूलगामी इलाज विल्यम ॲलफर्ड लॉइड यांचा. क्रिस्टल पॅलेस येथे 1871 साली खुल्या झालेल्या सागरी मत्स्यालयात त्यांनी अशी तजवीज केली, की दर्शनी हौदांहून कितीतरी मोठा जलसाठा जमिनीखालच्या अंधारात राहावा आणि वाफेच्या पंपांनी तेच पाणी अहोरात्र वर चढून पुन्हा खाली उतरावे, म्हणजे बर्फावाचूनच भूमीचा गारवा माशांपर्यंत पोहोचे. पाणी बदलण्यापेक्षा ते फिरते ठेवावे, हा त्यांचा आग्रह मला त्या काळच्या यंत्रविद्येतील अत्यंत सुज्ञ निर्णयांपैकी एक वाटतो. नेपल्सच्या मत्स्यालयासाठी आंटोन डोर्न यांनीही लॉइड यांचाच सल्ला घेतला.