टॅव्हर्नरचा ‘इन नोमिने’ आणि मॅक्सवेल डेव्हिस

मराठीच्या अभ्यासकांस फादर स्टीफन्स परिचित आहेत. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडात झाला. त्याच वर्षी तेथील लॅटिन मिस्सेची जागा कायद्याने इंग्रजी प्रार्थनाग्रंथास देण्यात आली. कॅथलिक राहिलेले स्टीफन्स रोममार्गे १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. उपासनेचा आशय अशा रीतीने मराठी ओवीत उतरला. ज्या धर्मक्रांतीमुळे हे घडले, तिच्याच काळात इंग्लंडात मात्र एका उपासनागीताचे शब्द गळले व स्वर तेवढे उरले.

जॉन टॅव्हर्नर (मृत्यू १५४५) यांनी त्रैक्याच्या सणाच्या एका प्राचीन धुनीवर ‘ग्लोरिया तिबी त्रिनितास’ ही सहा आवाजांची मिस्सा रचली. तीत ‘इन नोमिने दोमिनी’, म्हणजे ‘प्रभूच्या नावाने’, या शब्दांपाशी चारच आवाज गातात. एक आवाज मूळ धून संथ, दीर्घ स्वरांत धरून ठेवतो. इतर तिच्याभोवती खेळतात. वादकांनी नेमका हाच तुकडा उचलला. मिस्सा बंद झाली तरी तो वाद्यांवर वाजत राहिला. टॅलिस, बर्ड, गिबन्स यांनी त्याच धुनीवर स्वतंत्र रचना केल्या. १६८० च्या सुमारास पर्सेलने केलेल्या दोन रचना या परंपरेतील अखेरच्या होत. आपला सतारिया गायकी अंगाने बंदिश वाजवितो तेव्हा तिचे बोल जाणकाराच्या मनात असतात. येथे बोलांचा विसर इतका पडला की, या वाद्यरचनांना ‘इन नोमिने’ का म्हणतात याचा उलगडा संशोधकांना १९४९ मध्ये झाला.

पीटर मॅक्सवेल डेव्हिस (१९३४–२०१६) यांची ‘सेव्हन इन नोमिने’ ही कृती १९६५ ची. पाच फुंकवाद्ये, हार्प व चार तंतुवाद्ये एवढाच तिचा संच. टॅव्हर्नर, बुल व ब्लिथमन यांच्या जुन्या रचनांना त्यांनी नवा वाद्यमेळ दिला आणि शेजारीच स्वतःच्या कठोर, विसंवादी रचना ठेवल्या. यात पावित्र्यभंग झाला असा आक्षेप सहज सुचतो. पण तो चार शतके उशिरा आलेला आहे. धून देवघराबाहेर आणली ती सोळाव्या शतकातील वादकांनीच.

डेव्हिस यांच्या ‘टॅव्हर्नर’ (१९७२) या संगीतिकेची गोष्ट निराळी. पश्चात्तापदग्ध टॅव्हर्नर कॅथलिकांचे छळक बनले, या आख्यायिकेवर ती रचलेली आहे, आणि ही आख्यायिका पुढील संशोधनात टिकली नाही. दहा वाद्यांच्या कृतीस या कथेची गरजच नाही. तिचा आधार टॅव्हर्नरचे चरित्र नसून त्यांनी हाताळलेली धून हा आहे.