कोविड-१९ साथीच्या काळातील व्हिसाची मुदतसमाप्ती

कोविड-१९ साथीच्या काळात, मुख्यतः मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत, अनेक देशांनी आपल्या सीमा बंद केल्या आणि आंतरराष्ट्रीय विमानसेवा स्थगित केली. त्यामुळे जगभरातील असंख्य प्रवाशांच्या, विद्यार्थ्यांच्या, कामगारांच्या व स्थलांतरितांच्या व्हिसाची मुदत प्रवास करणे शक्य होण्यापूर्वीच संपली. प्रवास थांबला तरी व्हिसावर छापलेली तारीख थांबत नाही, हे या समस्येचे मूळ होते. तिचा फटका दोन वेगळ्या गटांना बसला. पहिला गट परदेशात पोहोचलेल्या, पण मुदत संपूनही मायदेशी परतू न शकणाऱ्या लोकांचा होता. दुसरा गट व्हिसा मिळूनही त्या देशात पाऊल ठेवू न शकलेल्या लोकांचा होता. पहिल्या गटाला बहुतेक देशांनी सरसकट मुदतवाढ दिली. दुसऱ्या गटाला मात्र बहुधा नव्याने अर्ज करावा लागला.

व्हिसाच्या मुदतीचे स्वरूप

व्हिसा म्हणजे एखाद्या देशाच्या प्रवेशद्वाराशी जाऊन प्रवेश मागण्याची पूर्वपरवानगी होय. प्रत्यक्ष प्रवेश देण्याचा निर्णय सीमेवरील अधिकारी घेतो. त्यामुळे व्हिसाची मुदत आणि देशात राहण्याची मुदत या दोन भिन्न गोष्टी ठरतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या व्यक्तीच्या पारपत्रावरील शिक्का कालबाह्य झाला, तरी तिच्या वास्तव्याची नोंद वैध असेल तर ती तेथे राहून काम करू शकते. परंतु ती देशाबाहेर गेली, तर परत येण्यासाठी तिला नवा शिक्का घ्यावा लागतो.

कायम वास्तव्यासाठी दिला जाणारा स्थलांतर व्हिसा बहुधा अल्पमुदतीचा असतो. अमेरिकी कायद्यानुसार असा व्हिसा जास्तीत जास्त सहा महिने वैध राहतो. वैद्यकीय तपासणीची वैधता त्याआधी संपत असेल, तर व्हिसाची मुदत आणखी कमी होते. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या मंजुरीपत्राची मुदतही सर्वसाधारणपणे वैद्यकीय तपासणी व पारपत्र यांच्या वैधतेवर अवलंबून असते. वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेली परवानगी काही महिन्यांतच वापरावी लागते. प्रवासबंदीत या अल्प मुदतीचा मोठाच भाग वाया गेला.

प्रवासनिर्बंधांचा क्रम

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. भारताने १३ मार्चपासून राजनैतिक, शासकीय, रोजगार इत्यादी मोजके प्रकार वगळता विद्यमान व्हिसा स्थगित केले. मार्चच्या चौथ्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कॅनडाने १८ मार्चपासून, तर ऑस्ट्रेलियाने २० मार्चपासून बहुतांश परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला. २० मार्च २०२० रोजी अमेरिकेने जगभरातील आपल्या दूतावासांतील नेहमीची व्हिसासेवा स्थगित केली. ती जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

भारतातून व भारतात होणारा प्रवास ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानांनी आणि जुलै २०२० पासून द्विपक्षीय 'एअर बबल' व्यवस्थेखाली मर्यादित स्वरूपात सुरू झाला. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली.

देशात अडकलेल्या परदेशी नागरिकांसाठी सवलती

भारत: टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा देशात अनेक परदेशी पर्यटक होते. गोव्यात अडकलेल्या युरोपीय पर्यटकांना त्यांच्या देशांनी विशेष विमानांनी दाबोळी विमानतळावरून परत नेले. ज्यांना जाता आले नाही, त्यांच्या व्हिसाला केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑनलाइन अर्जावर विनाशुल्क मुदतवाढ दिली आणि ती वेळोवेळी वाढवली. मार्च २०२० पूर्वी भारतात येऊन अडकलेल्यांसाठी ४ जून २०२१ रोजी अर्जाची अटही काढून टाकण्यात आली. त्यांचे व्हिसा ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत दंडाविना वैध मानण्यात आले. पुढे ही तारीख ३० सप्टेंबर २०२१ करण्यात आली.

युनायटेड किंग्डम: २४ जानेवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या व परत जाऊ न शकणाऱ्या व्यक्तींचे वास्तव्य प्रथम ३१ मे आणि नंतर ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवण्यात आले. ऑगस्ट महिना देश सोडण्याच्या तयारीसाठी देण्यात आला. त्यानंतरही अडचण असलेल्यांना वैयक्तिक अर्जावर तात्पुरते अभय मिळण्याची सोय होती.

न्यूझीलंड: २ एप्रिल ते ९ जुलै २०२० या काळात संपणारे, देशात असलेल्यांचे तात्पुरते व्हिसा २५ सप्टेंबर २०२० पर्यंत आपोआप वाढवण्यात आले.

संयुक्त अरब अमिराती: १ मार्च २०२० नंतर संपलेले निवासी परवाने वर्षअखेरपर्यंत वैध राहतील, असे प्रथम जाहीर झाले. जुलैमध्ये हा निर्णय मागे घेऊन नूतनीकरण पुन्हा सुरू करण्यात आले. एरवी सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास निवासी परवाना रद्द होतो. हा नियमही साथीच्या काळात शिथिल करण्यात आला. सुटीसाठी मायदेशी आलेल्या भारतीय कामगारांच्या दृष्टीने ही सवलत महत्त्वाची होती.

अमेरिका: अमेरिकेने सरसकट मुदतवाढ दिली नाही. वास्तव्याची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करणे अपेक्षित होते. साथीमुळे अर्जाला झालेला उशीर असाधारण परिस्थिती म्हणून माफ करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडे होता. त्याच मालकाकडील एच-१बी कामासाठी मुदतवाढीचा अर्ज वेळेत केलेल्यांना निर्णय होईपर्यंत कमाल २४० दिवस काम चालू ठेवता येत असे. नोकरी गेलेल्यांना मात्र नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी नेहमीप्रमाणे कमाल ६० दिवसच मिळत होते. त्या काळात परतीची विमाने मोजकीच होती.

देशाबाहेर अडकलेले व्हिसाधारक

अमेरिकेचा स्थलांतर व्हिसा

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २२ एप्रिल २०२० रोजी काढलेल्या १००१४ क्रमांकाच्या उद्घोषणेने अनेक प्रकारच्या स्थलांतरितांचा प्रवेश स्थगित केला. सुरुवातीला ६० दिवसांसाठी असलेली ही बंदी पुढे ३१ डिसेंबर २०२० व नंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढवण्यात आली. अमेरिकी नागरिकांचे पती-पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये यांना तिच्यातून वगळले होते. नागरिकांच्या आईवडिलांना आणि कायम रहिवाशांच्या पती-पत्नींना मात्र अशी सूट नव्हती.

उद्घोषणा लागू झाली त्या दिवशी, म्हणजे २३ एप्रिल रोजी, ज्यांच्याकडे वैध स्थलांतर व्हिसा होता त्यांना बंदी लागू नव्हती. तथापि ही सूट हातातील व्हिसाच्या मुदतीपुरतीच उपयोगी होती. मार्च २०२० च्या प्रारंभी मिळालेला व्हिसा फार तर सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत टिकणार होता. या अवधीत विमानाची जागा मिळवणे, आजारी नातेवाइकांची व्यवस्था लावणे आणि नोकरी व घर सोडणे हे सर्व जमवावे लागत होते. भारतातील बहुतांश स्थलांतर व्हिसांच्या मुलाखती मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. तेथील काम थांबल्यामुळे देशाच्या सर्व भागांतील अर्जदारांचा खोळंबा झाला.

न वापरलेल्या स्थलांतर व्हिसाची तारीख पुढे ढकलून मिळत नाही, त्याऐवजी बदली व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या हाताबाहेरच्या कारणाने प्रवास झाला नाही, हे अर्जदाराने दाखवावे लागते. अर्जाचे शुल्क पुन्हा भरावे लागते आणि वैद्यकीय तपासणी कालबाह्य झाली असल्यास तीही पुन्हा करावी लागते. वार्षिक संख्यामर्यादा असलेल्या वर्गांत जुना व्हिसा क्रमांक त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतच, वापरता येतो. त्यानंतर नवा क्रमांक उपलब्ध असणे आवश्यक ठरते.

राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी २४ फेब्रुवारी २०२१ रोजी ही उद्घोषणा रद्द केली.

विविधता व्हिसा

सोडतीद्वारे दिल्या जाणाऱ्या विविधता व्हिसाच्या अर्जदारांची स्थिती सर्वांत कठीण होती. एका वर्षाच्या सोडतीतील व्हिसा त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपूर्वी निघाला नाही, तर संधीच संपते. या प्रश्नावर झालेल्या 'गोमेझ विरुद्ध ट्रम्प' खटल्यात वॉशिंग्टन येथील संघीय न्यायाधीश अमित मेहता यांनी ४ सप्टेंबर २०२० रोजी २०२० च्या अर्जांवर तातडीने कार्यवाही करण्याचा आदेश दिला. भारतातून अमेरिकेत होणारे स्थलांतर मोठे असल्याने भारतात जन्मलेल्या व्यक्ती या सोडतीस सहसा पात्र नसतात. त्यामुळे हा फटका मुख्यतः इतर देशांतील अर्जदारांना बसला.

एच-१बी व इतर कामाचे व्हिसा

२२ जून २०२० च्या १००५२ क्रमांकाच्या उद्घोषणेने एच-१बी, एल-१ व काही जे-१ व्हिसाधारकांचा नवा प्रवेश रोखला. लग्नकार्य, आईवडिलांचे आजारपण किंवा शिक्का नूतनीकरण यांसाठी भारतात आलेले आणि शिक्का संपल्याने अडकलेले कर्मचारी या कचाट्यात सापडले. त्यांचे घर, वाहन आणि काही वेळा अमेरिकेत जन्मलेली मुले तिकडे होती. १२ ऑगस्ट २०२० रोजी त्याच मालकाकडे त्याच कामावर परतणाऱ्यांना सूट देता येईल, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याने स्पष्ट केले. ही बंदी ३१ मार्च २०२१ रोजी संपली.

कॅनडा

१८ मार्च २०२० किंवा त्यापूर्वी कायम वास्तव्याची मंजुरी मिळालेल्यांना प्रवेशबंदीतून सूट होती. त्यानंतर मंजुरी मिळालेल्यांना, इतर सूट लागू नसल्यास, २१ जून २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या काळात मंजुरीपत्राची मुदत संपलेल्यांना ते नव्याने काढून घ्यावे लागले. भारतातून येणारी थेट विमाने एप्रिल ते सप्टेंबर २०२१ या काळात बंद असल्याने भारतीयांची प्रतीक्षा आणखी लांबली.

ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाची सीमा विद्यार्थी व कुशल कामगार यांसाठी १५ डिसेंबर २०२१ रोजी, तर लसीकरण झालेल्या सर्व व्हिसाधारकांसाठी २१ फेब्रुवारी २०२२ रोजी खुली झाली. शिक्षणोत्तर कामासाठी मिळणारे अनेकांचे तात्पुरते पदवीधर व्हिसा तोपर्यंत देशाबाहेरच संपले होते. अशा व्यक्तींना १ जुलै २०२२ पासून बदली व्हिसासाठी अर्ज करण्याची संधी देण्यात आली. देशाबाहेर गेलेला काळ भरून देणाऱ्या मोजक्या उपायांपैकी हा एक होय.

युनायटेड किंग्डम

दीर्घ वास्तव्यासाठी येणाऱ्यांना त्या वेळी ३० दिवसांचा प्रवेश-शिक्का मिळत असे. तो न वापरता संपल्यास ९० दिवसांचा नवा शिक्का विनाशुल्क देण्याची सोय २०२० मध्ये करण्यात आली.

भारत

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींकडील ओसीआय कार्डावरील व्हिसामुक्त प्रवासही मार्च २०२० मध्ये स्थगित झाला होता. त्यामुळे आप्तांच्या अंत्यसमयी अनेकांना येता आले नाही. मे २०२० पासून काही गटांना व ऑक्टोबर २०२० मध्ये सर्व ओसीआय कार्डधारकांना प्रवेश खुला झाला. त्याच वेळी पर्यटन, वैद्यकीय व ई-व्हिसा वगळता इतर विद्यमान व्हिसा पूर्ववत करण्यात आले. मध्यंतरी मुदत संपलेल्यांना भारतीय दूतावासांकडून नवा व्हिसा घेण्यास सांगण्यात आले.

कुटुंबांवरील परिणाम

मुदतसमाप्तीचा सर्वांत दूरगामी परिणाम वयाशी जोडलेल्या हक्कांवर झाला. अमेरिकी स्थलांतर कायद्यात २१ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती 'अपत्य' या व्याख्येत बसत नाही. २००२ च्या अपत्य दर्जा संरक्षण कायद्यामुळे काहींचे वय गोठवले जाते, परंतु हे संरक्षण सर्वांना मिळत नाही. आईवडिलांच्या अर्जातून वगळलेल्या मुलास वेगळ्या वर्गात अनेक वर्षांची प्रतीक्षा करावी लागते. अशा वेळी काही महिन्यांच्या विलंबाने एकाच कुटुंबातील आईवडील व मूल दोन देशांत विभागले जाऊ शकतात. शुल्क पुन्हा भरता येते आणि तपासणीही पुन्हा करता येते. उलटलेले वय मात्र कोणत्याही बदली व्हिसाने परत मिळत नाही.

हे सुद्धा पहा

वंदे भारत मोहीम
एच-१बी व्हिसा
भारताचे परदेशस्थ नागरिकत्व
कोविड-१९ महासाथ