मल्लाचे मोल: खाशाबा जाधव आणि करवीरचे कुस्तीशौकीन

मल्लाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न अन्यत्र कोणी विचारला तर पंचांचा निकाल पुढे करून मोकळे होता येईल. परंतु कोल्हापुरात तो तालमीच्या कट्ट्यावर निघाला, की एका बैठकीत मिटत नाही. असाच एक वाद मी ऐकला आहे. दोघेही वृद्ध, दोघांच्याही डोक्याला फेटा, आणि दोघांचेही कान लहानपणीच मातीत मोडलेले. एकजण म्हणाले, “अण्णा, खाशाबा मोठा खरा, पण खासबागेत एखाद्या हिंदकेसरीपुढं तो किती वेळ टिकला असता, सांगा.” दुसऱ्यांनी शांतपणे विचारले, “आबा, आणि तुमचा हिंदकेसरी सत्तावन्न किलोच्या गटात कसा उतरला असता, ते तुम्ही सांगा.” भोवतालची मंडळी हसली, पण वाद तिथे संपला नाही, आणि मला वाटते, आजही संपलेला नाही. त्या वादाचा थोडासा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

आबांची बाजू समजून घ्यावयाची, तर प्रथम करवीरच्या कुस्तीचा तराजू कसा घडला ते पाहिले पाहिजे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. स्वतः कसलेले शरीर असलेला हा राजा मल्लविद्येचा मोठा आश्रयदाता होता. उत्तरेतील नामांकित मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणविले, त्यांच्या खुराकाची व्यवस्था दरबारातून केली, आणि पेठापेठांतून तालमींना उत्तेजन दिले. १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागृह पाहिले. त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले, आणि १९१२ साली ते खुले झाले. मध्यभागी मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. कोठेही बसले तरी कुस्ती स्वच्छ दिसते.

या मैदानात जी कुस्ती रंगली तिचे काही अलिखित कायदे होते. कुस्तीला घड्याळाचे बंधन फारसे नसे. गुण मोजण्याचा प्रश्नच नव्हता. पाठ मातीला लागली म्हणजे चितपट, न लागली तर बरोबरी. वजनाचे गट काट्यावर ठरत नसत. वस्ताद मंडळी नजरेने जोड लावीत. मोठे इनाम आणि मोठी गर्दी ही सर्वांत थोर देहाच्या जोडीसाठी राखून ठेवलेली असे. साहजिकच ‘मोठा मल्ल’ या शब्दांत मोठेपणाबरोबर देहाचा आकारही येऊन बसला. अशा तराजूत तोलावयास जेव्हा साडेपाच फुटांहूनही किंचित कमी उंचीचा, हलक्या अंगाचा एक तरुण आला, तेव्हा शौकिनांची नजर त्याच्यावरून पुढे सरकली असली, तर त्यात नवल नाही.

हा तरुण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल, तेव्हा मातीची ओळख घरातच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण झाले, आणि पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. येथली एक हकीकत प्रसिद्ध आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी त्यांनी नाव दिले, तेव्हा त्यांची शरीरयष्टी पाहून ते नाव घेण्यास नकार मिळाला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या सडपातळ विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड असे प्रतिस्पर्धी एकामागून एक पाडले. आमच्या वादाचा उगम शोधावयाचा असेल तर तो मला येथे सापडतो. खाशाबांच्या आयुष्यात प्रत्येक वळणावर प्रथम देहाकडे पाहून कोणीतरी नाही म्हटले आहे, आणि नंतर डाव पाहून ते मागे घेतले आहे.

त्यांच्या कुस्तीत वेगळे काय होते? बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली. वजनाने दाबून प्रतिस्पर्ध्याला दमविणे हा जड मल्लाचा मार्ग त्यांना खुला नव्हता. म्हणून त्यांनी वेग हेच आपले भांडवल केले, आणि एकाच डावावर विसंबून न राहता अनेक डाव हाती ठेवले. त्यातही ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घेऊन, आपल्या कमरेवरून त्याला क्षणार्धात फिरवून टाकावयाचे. या डावात समोरच्याचे वजन त्याच्याच विरुद्ध कामी येते. मात्र वेळ साधली नाही तर डाव टाकणाराच खाली जातो. अशी जोखमीची कुस्ती पाहणाऱ्यास प्रथम अवसानघातकी वाटते. ज्यांना तासभर चाललेली झुंज पाहण्याची सवय, त्यांना दोन मिनिटांत संपलेली कुस्ती ही नशिबाची वाटावी, हेही स्वाभाविकच होते.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूर संस्थान अद्याप अस्तित्वात होते, आणि खाशाबांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे खाशाबा ५२ किलोच्या गटात उतरले. आयुष्यभर पायाखाली माती, आणि एकाएकी आली गादी! मातीत पाय रुततो, पकड बसते, घामावर माती चोळता येते. गादीवर पाय निसटतो, हालचाल दुपटीने होते, आणि पाठ टेकली नाही तरी गुणांवर निकाल लागतो. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना या नव्या कुस्तीचे मार्गदर्शन केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले, आणि सहाव्या क्रमांकावर राहिले.

सहावा क्रमांक! करवीरच्या हौद्यात सहाव्या क्रमांकाला अर्थ नसतो. तेथे एक जिंकतो, एक हरतो. परंतु खाशाबांनी या सहाव्या क्रमांकाचा अर्थ नेमका ओळखला. डाव कमी पडले नव्हते, गादीची सवय कमी पडली होती. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे त्या उणिवेवर मेहनत घेतली.

दरम्यान काळ पालटला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रयाचे जे छत्र शाहू महाराजांच्या काळापासून मल्लांवर होते, ते सरले. आणि त्याची जागा घेईल अशी दुसरी व्यवस्था अजून उभी राहिलेली नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्यासही खाशाबांना झगडावे लागले, आणि निवड झाल्यावर पैशासाठी दारोदार फिरावे लागले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी यथाशक्ति मदत केली. आणि प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. श्रोतेहो, खाशाबांचे मोल किती, या प्रश्नाला त्या काळी दिलेले हे सर्वांत ठोस उत्तर होते असे मला वाटते. कट्ट्यावर मत देण्यास काही खर्च होत नाही. घर गहाण टाकणाऱ्याचे मत निराळ्या वजनाचे असते.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या गटात खेळले. कॅनडाच्या पॉलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्टोला त्यांनी चितपट केले. येथे आबांनी लक्ष द्यावे, की गुणांच्या गादीवरही या मल्लाने करवीरच्याच कायद्याने पाठ टेकविली. पुढे जर्मनीच्या श्मिट्झवर त्यांनी गुणांनी मात केली. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. तेथे खाशाबा हरले. या दीर्घ झुंजीनंतर त्यांना लगेच रशियाच्या राशिद मामादबेयोव्हविरुद्ध गादीवर बोलाविण्यात आले, असे सांगतात. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो पुढे करून भांडावयास भारतीय चमूचा एकही अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. दिनांक होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कऱ्हाडच्या स्थानकावरून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात सत्काराची धूळ खाली बसताच कुस्त्यांचे फड भरविले, आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविण्यास हातभार लावला.

आता पुन्हा कट्ट्यावरच्या वादाकडे वळू. आबांच्या पक्षाचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला, वजनाचे गट पाडून कुस्ती खेळणे म्हणजे अर्धी कुस्ती. खरा मल्ल तो, जो समोर येईल त्याच्याशी भिडतो. दुसरा, तिसरा क्रमांक हा विजय नव्हे. तिसरा, गादीची कुस्ती परकी आहे, आणि तिच्यावरून मातीतल्या मल्लाचे मोल ठरवू नये. या मुद्द्यांत तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. मातीच्या कुस्तीत दम, सहनशक्ती आणि धीर यांची जी कसोटी लागते, ती पंधरा मिनिटांच्या गादीवर लागत नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, आणि पुढल्याच वर्षी गणपत आंदळकरांनी तो मान मिळविला. या थोर मल्लांना करवीरने जे प्रेम दिले ते अस्थानी नव्हते. शिवाय १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही सुवर्णपदके मिळविली, हे पाहता जड मल्लाला गादी पेलत नाही असेही म्हणता येत नाही.

परंतु अण्णांचा पक्ष अधिक खोल आहे, असे माझे मत झाले आहे. वजनाचा गट हा दुबळ्याला दिलेली सवलत नव्हे. तो प्रश्नच बदलतो. देह समान केला, की उरते ती केवळ विद्या; आणि मल्लविद्या असा शब्द आपणच वापरतो, मल्लदेह असा नाही. जोड लावताना आमचे वस्तादही नजरेने हेच करीत आले आहेत. काट्याने ते अधिक काटेकोर केले, इतकेच. तिसऱ्या क्रमांकाचे म्हणाल, तर त्यापूर्वी मातीत वाढलेल्या एकाही भारतीय मल्लाला तेथवर पोहोचता आले नव्हते. आणि खाशाबांनंतर ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पुढचे भारतीय पदक येण्यास २००८ साल उजाडावे लागले. छप्पन्न वर्षे! ज्या पदकाला आपण तिसरे म्हणून बाजूला ठेवले, ते गाठण्यास देशाला किती काळ लागला, याचा हिशेब त्या पदकाचे मोल आपोआप सांगतो.

खेदाची गोष्ट अशी, की हा हिशेब खाशाबांच्या हयातीत कोणी फारसा केला नाही. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले; गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. नोकरी त्यांनी निष्ठेने केली, पण क्रीडाविश्वाने त्यांना जवळजवळ विसरूनच टाकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कार, अर्जुन पुरस्कार हे मान त्यानंतर आले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली, पॅरिस येथे, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत जिंकलेले. आणि त्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी बहात्तर वर्षांपूर्वीच्या खाशाबांचे नाव आले.

आज तालमींतून मातीबरोबर गादीही अंथरलेली असते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, आणि दोहोंचे विजेते अखेरीस समोरासमोर येतात. तथापि गर्दी कोणत्या कुस्तीला होते, चांदीची गदा कोणाच्या खांद्यावर जाते, आणि हलक्या गटांतील विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशी किती जणांना आठवतात, हे आपण स्वतःस विचारून पाहावे. आबांचा तराजू अजून मोडलेला नाही.

तो मोडावा असेही मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा तराजू असावा, इतकेच माझे मागणे आहे. कारण आजही पहाटे एखाद्या तालमीच्या दारात हलक्या अंगाचा एखादा पोर लंगोट बगलेत मारून उभा असेल. त्याला दारातूनच परत पाठविण्यापूर्वी वस्तादांनी एकवार हौद्यात उतरवून पाहावे. एका प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याला तेवढी एक संधी दिली, म्हणून आज या विषयावर बोलावयास काही आहे.