पत्र आता कुठे धाडायचं?

ढोल वाजू लागतात तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. लोयांग शहराचा हा पहाटेचा इशारा. रात्रभर बंद असलेले मोहल्ल्यांचे दरवाजे आता उघडतील. तोवर तुम्हालाच काय, कुणालाही मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. साल इ.स. ८४०, ऋतू शरद. तिकडे दख्खनवर राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य आहे, आणि तुम्ही तांग साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीत, आग्नेय कोपऱ्यातल्या ल्युदाओ मोहल्ल्यात, कवी बाय जुयीच्या बागेत उभे आहात.

बाग बघून घ्या. एकूण जागा सतरा मू, आपल्या हिशेबाने सव्वादोन एकरांच्या आसपास. तिसरा हिस्सा घर, पाचवा पाणी, नववा बांबू; हे प्रमाण मालकानेच लिहून ठेवलं आहे. बदलीच्या गावाहून माणूस काय आणतो? यानं हांगझोउ आणि सुझोउहून दगड आणले, क्रौंच आणले, पांढरी कमळं आणली.

आत चला. आवाज न करता, कारण म्हातारा नुकताच उठलाय. चिनी मोजणीने वय ६९. गेल्या हिवाळ्यात वाऱ्याचा झटका आला, डावा पाय अजून नीट उचलत नाही. बिछान्याच्या कडेला बसून तो रुमालाने डोळे पुसतोय. पुसतोय आणि पुन्हा पुसतोय. रात्री स्वप्नात युआन झेन आला होता, त्याचा जिवलग, आता हयात नसलेला मित्र. दोघे हातात हात घालून हिंडले.

तुम्ही मराठी घरातले, तुमच्या ओठांवर प्रश्न येतोच: काही मागितलं का त्यांनी? गेलेलं माणूस स्वप्नात आलं की आपल्याकडे पहिलं हेच विचारतात. काही राहिलं असेल तर वाढून मोकळं होता येतं. इथे मागणं काही नव्हतं. मग हा माणूस नऊ वर्षांनंतरही इतका का रडतो, हे कळायला तुम्हाला थोडं मागे यावं लागेल.

८०९. चांगआनमधलं छी-अन मंदिर. बाय, त्याचा भाऊ शिंगजियान आणि एक मित्र तिथे भटकून संध्याकाळी त्या मित्राच्या घरी प्यायला बसलेत. बाय मध्येच पेला थांबवतो: युआन आज ल्यांगझोउला पोचला असेल. युआन सरकारी कामावर दूर गेलेला. काही दिवसांनी त्याचं पत्र येतं. त्याच रात्री ल्यांगझोउच्या मुक्कामी त्याला स्वप्न पडलं होतं, हे दोघे भाऊ याच मंदिरात हिंडत असल्याचं. हा किस्सा पुढे शिंगजियानने लिहून ठेवला. भावाच्या हातून गोष्टीला जरा जास्तच गोलाई आली असेल, असं मला वाटतं. पण दोन्ही मित्रांच्या कविता शिल्लक आहेत, त्या कशा नाकारणार?

आता ८१७. दोघेही हद्दपार, यांगत्सेच्या खोऱ्यात एकमेकांपासून शेकडो कोस लांब. स्वप्न पडल्यावर बाय युआनलाच विचारतो की, काल मध्यरात्री माझी आठवण कशासाठी काढलीस? म्हणजे त्यांच्या हिशेबात स्वप्न पाहणाऱ्याचं नसतंच, येणाऱ्याचं असतं. तिकडे युआन हिवतापाने खंगलाय. तो उलट कळवतो की आजारात डोकं ठिकाणावर नाही, भलतीच माणसं स्वप्नात येतात, तू मात्र येत नाहीस. मित्राच्या पत्राला इतकं खरं आणि इतकं हताश उत्तर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रत्यक्ष भेट? ८१९ मध्ये यिलिंगजवळ दोघांच्या नावा अचानक समोरासमोर आल्या. तीन रात्री नांगर टाकून राहिले, एक गुहा शोधली, कविता केल्या, निघाले. ८२९ मध्ये लोयांगला शेवटचं भेटले. ८३१ मध्ये युआन वुचांगला एकाएकी वारला. त्याच साली बायचा उतारवयात झालेला एकुलता मुलगा तीन वर्षांचा होऊन गेला.

तेव्हा परत या खोलीत, आणि नीट बघा. हे दोघे तसेही स्वप्नातच जास्त भेटत. रात्रीची भेट बायला नवी नाही. पूर्वी सकाळी उठून ती पत्रात लिहायची असे, आणि महिन्याने का होईना, तिकडून जबाब यायचा.

बाय शाईची कांडी उगाळतोय, सहाणेवर चंदन उगाळावं तशी, पण हात थरथरतो. त्याच्या खांद्यावरून वाचा. लिहितोय कविता, पण बांधणी जुनी, पत्राचीच: स्वप्नाचा वृत्तान्त, मग स्वतःचं आजारपण, पिकलेले केस. मग मित्राच्या घरची बातमी, मुलगा आणि जावई एकापाठोपाठ गेले. आणि शेवटी प्रश्न की, हे तिकडे कळलं का? बातमी देणाराच विचारतोय बातमी पोचली का. युआन शियानयांगच्या मातीखाली आहे. त्याच्या कबरीवरचं गवत आठ शरद पाहून झालं.

त्या कबरीचा मृत्युलेखही बायनेच लिहिला होता. युआनच्या घरच्यांनी त्यासाठी सहा-सात लाख नाण्यांचा ऐवज दिला. मित्राच्या मरणावर मेहनताना घ्यायचा कसा? परत केला, ते घेईनात. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. अखेर ती सगळी रक्कम त्याने लुंगमनच्या शियांगशान मंदिराच्या डागडुजीला लावली, पुण्य युआनच्या नावे. ८३२ मध्ये मंदिराची हकीकत लिहिताना त्याने अशी आशाही मांडली की पुढच्या कुठल्या तरी जन्मी आपण दोघे इथे पुन्हा बरोबर फिरू.

तुम्ही आणखी काही आठवडे थांबलात, तर त्याला शहराच्या दक्षिणेकडे निघताना पाहाल. अकराव्या महिन्यात, गेल्या बारा वर्षांत लोयांगला लिहिलेल्या आठशे कवितांच्या दहा गुंडाळ्या तो ठेवायला देतो, त्याच मंदिरात.