थकलेल्या बाहूचे मोल

बैलाची पारख करताना जाणता शेतकरी आधी दात पाहतो आणि मग विचारतो, काम कोणते आहे? वर्षानुवर्षे नांगर ओढून घ्यायचा असेल तर खोंड घ्यावा. पण भरलेली गाडी एकदाच अवघड घाटातून पार करायची असेल, तर वाटेचा माहीतगार, मुरलेला बैल बरा. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात हीच पारख गेली सव्वाशे वर्षे माणसांची होत आली आहे. एखाद्या संघाने आपला नामांकित पण वय झालेला गोलंदाज विकायला काढला, की दुसऱ्या संघाचे कारभारी डोके खाजवू लागतात. त्याच्या मोबदल्यात आपली उमलती पोरे द्यावीत काय? म्हातारा आणखी किती दिवस टिकेल? हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो, आणि त्याची उत्तरे इतिहासाने मोठ्या खोडकरपणे देऊन ठेवली आहेत.

आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांसाठी दोन शब्द आधी सांगायला हवेत. बेसबॉलमधला गोलंदाज, म्हणजे पिचर, धावत येत नाही. तो एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो, आणि तोही टप्पा न पडता. फलंदाजाचे तीन चेंडू चुकले की तो बाद. अशा शंभरेक फेकींनी खांदा आणि कोपर यांची जी दशा होते, तिच्यामुळे पिचरला म्हातारपण लवकर गाठते. इतर उद्योगांत ज्या वयात माणसाला बढती मिळते, त्या वयात इथे त्याला ‘म्हातारा’ म्हणू लागतात. सहा महिन्यांच्या हंगामात दीडशेच्या वर सामने होतात, आणि मग ऑक्टोबरात ‘वर्ल्ड सिरीज’ नावाची अंतिम झुंज रंगते. सगळा खटाटोप त्या ऑक्टोबरासाठी.

पहिली गोष्ट १९०० सालच्या डिसेंबरातली. एमोस रूसी हा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा पिचर म्हणजे त्या काळचा वज्रबाहू. १८९३ साली पिचर आणि फलंदाज यांच्यातले अंतर वाढवून आजच्याइतके करण्यात आले, त्यात रूसीच्या वेगाच्या धास्तीचा मोठा वाटा होता असे सांगतात. पण १८९८ मध्ये त्याचा हात दुखावला, आणि पुढची दोन वर्षे तो मैदानावर उतरलाच नाही. सिनसिनाटी संघाने त्याला घेतले, आणि बदल्यात न्यूयॉर्कला वीस वर्षांचा एक पोरगा दिला. या पोराने त्याआधीच्या हंगामात न्यूयॉर्ककडूनच खेळून तीन सामने गमावले होते, एकही जिंकला नव्हता. त्याचे नाव ख्रिस्ती मॅथ्यूसन.

रूसी सिनसिनाटीसाठी अवघे तीन सामने खेळला. विजय शून्य. मॅथ्यूसनने पुढे न्यूयॉर्कसाठी ३७२ सामने जिंकले! बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत आतबट्ट्याचा व्यवहार म्हणून याचे नाव घेतात. मात्र यात एक गोम आहे. सिनसिनाटीचा मालक जॉन ब्रश याचा डोळा तेव्हाच न्यूयॉर्कच्या संघावर होता, आणि १९०२ साली त्याने तो विकतही घेतला. म्हणजे एका खिशातले नाणे त्याने दुसऱ्या खिशात टाकले असा संशय घ्यायला जागा राहते. तो संशय बाजूला ठेवला तरी धडा स्पष्ट आहे. रूसीचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते. सिनसिनाटीची फसगत वयाने केली नाही; त्यांनी हाताऐवजी नाव विकत घेतले, तिथे ती झाली.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी. ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर हा नेब्रास्कातला शेतकऱ्याचा मुलगा १८८७ साली जन्मला, आणि बापाने त्याला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाचे नाव दिले. उमेदीच्या वर्षांत त्याने लागोपाठ तीन हंगामांत तीस-तीस सामने जिंकले. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या आघाडीवर तोफखान्यात होता. तिथून तो अधू कान आणि फेफऱ्याचा विकार घेऊन परतला, आणि दारूने त्याला पुरते घेरले. १९२६ च्या जूनमध्ये शिकागो संघाचा नवा व्यवस्थापक जो मॅकार्थी या एकोणचाळीस वर्षांच्या बेशिस्त म्हाताऱ्याला कंटाळला. संघाने त्याच्यावरचा हक्क सोडला, आणि सेंट लुइस संघाने त्याला किरकोळ ठरावीक रक्कम भरून उचलले. बदल्यात एकही तरुण खेळाडू द्यावा लागला नाही.

उरलेल्या हंगामात अलेक्झांडरने सेंट लुइसला नऊ सामने जिंकून दिले. त्या वर्षी हा संघ आपल्या विभागात अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने पहिला आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नऊ विजयांचे मोल कळते. वर्ल्ड सिरीजमध्ये समोर बेब रूथचा न्यूयॉर्क यँकीज संघ. अलेक्झांडरने दुसरा सामना जिंकला, सहावाही जिंकला. दुसऱ्या दिवशी, १० ऑक्टोबर १९२६ रोजी, सातवा आणि निर्णायक सामना होता. सेंट लुइस एका धावेने पुढे. सातव्या डावात यँकीजचे दोन गडी बाद, पण तिन्ही बेस भरलेले, आणि सेंट लुइसच्या पिचरचे बोट फोडाने सोललेले. कर्णधार रॉजर्स हॉर्न्सबीने अलेक्झांडरला बोलावणे धाडले. कालच पूर्ण सामना खेळलेला हा माणूस सावकाश चालत मैदानात आला.

समोर टोनी लाझेरी हा पहिल्याच वर्षाचा दमदार फलंदाज. त्याने एक चेंडू असा हाणला की तो थेट प्रेक्षकांत गेला. रेषेच्या थोडा आत पडता तर चार धावा आणि खेळ खलास. पण तो बाहेर पडला. मग अलेक्झांडरने त्याला चुकवले आणि लाझेरी परतला. पुढचे दोन डावही म्हाताऱ्याने निभावले. शेवटी रूथ दुसरा बेस चोरायला धावला आणि बाद झाला. सेंट लुइसने आपले पहिले वर्ल्ड सिरीज जिंकले. दैवयोग पाहा, लाझेरीलाही फेफऱ्याचाच विकार होता.

आणखी एक योगायोग. त्याच १९२६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडने अठ्ठेचाळीस वर्षांच्या विल्फ्रेड ऱ्होड्सला ओव्हलच्या कसोटीसाठी परत बोलावले होते. त्याने दुसऱ्या डावात ४४ धावांत ४ बळी घेतले, आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाकडून ॲशेस परत मिळवल्या. म्हाताऱ्या बाहूंना ते वर्ष मोठे फळले म्हणायचे.

तिसरा सौदा १९८७ सालचा, आणि योगायोगाने याही गृहस्थाचे आडनाव अलेक्झांडरच. नाते मात्र काही नाही. डॉइल अलेक्झांडर छत्तीस वर्षांचा होता. डेट्रॉइट टायगर्सना आपल्या गटात पहिले यायचे होते. १२ ऑगस्टला त्यांनी त्याला अटलांटाकडून घेतले, आणि बदल्यात कनिष्ठ दर्जाच्या संघात धडपडणारा वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ देऊन टाकला. स्मोल्ट्झ मिशिगन राज्यातलाच, घरचाच पोर. लहानपणापासून टायगर्सचा भक्त. त्या हंगामात त्याच्या खात्यावर ४ विजय आणि १० पराभव होते. अशा मुलासाठी कोण हळहळेल?

डॉइलने कमाल केली. ११ सामने सुरू केले, ९ जिंकले, हरला एकही नाही. दर नऊ डावांमागे त्याने सरासरी १.५३ धावा दिल्या. हंगामाच्या अखेरच्या तीन सामन्यांत डेट्रॉइटने टोरँटोला ओळीने हरवून गट जिंकला, आणि त्यांतला पहिला विजय डॉइलचा होता. पण पुढल्या फेरीत मिनेसोटाने डेट्रॉइटला ४-१ असे गारद केले. त्या चार पराभवांतले दोन डॉइलच्या नावावर. १९८९ मध्ये त्याची कारकीर्द संपली. इकडे स्मोल्ट्झने २१३ सामने जिंकले, १५४ सामने शेवटच्या क्षणी राखून दिले, १९९५ च्या विजयी अटलांटा संघात तो होता, आणि २०१५ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची स्थापना झाली. डेट्रॉइटला मात्र १९८७ नंतर थेट २००६ पर्यंत एकदाही ऑक्टोबर पाहायला मिळाला नाही.

मग डेट्रॉइटचे कारभारी मूर्ख ठरले काय? माझ्या मते नाही. त्यांनी सप्टेंबर विकत घेतला, आणि सप्टेंबर त्यांना मिळाला. गाडी घाट चढून वर आली. ती पुढच्या उतारावर उलटली. आज आपण स्मोल्ट्झची सगळी कारकीर्द पुढ्यात मांडून निवाडा देतो. पण ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांच्या पुढ्यात ४ विजय आणि १० पराभवच होते. निकाल माहीत झाल्यावर शहाणे होणे सोपे असते. सौदा शहाणपणाचा होता की नाही, हे सौद्याच्या दिवशी जे दिसत होते त्यावरून ठरवावे. त्या दिवशी तीनच गोष्टी पाहायच्या असतात: हात अजून जिवंत आहे का, आपण शिखराच्या खरोखर जवळ आहोत का, आणि देतो ते आपल्याला झेपेल का. सिनसिनाटी पहिल्याच कसोटीला नापास झाले. सेंट लुइस तिन्हींत उतरले. डेट्रॉइटने पहिल्या दोन नीट पाहिल्या. तिसरी त्यांना दिसण्याजोगी नव्हती.

चौथीही एक कसोटी आहे, ती फार उशिरा सुचली: ज्याचा सौदा होतो त्याला कोणी विचारले का? पूर्वीच्या करारांत खेळाडू कायमचा मालकाला बांधलेला असे. १९६९ साली सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा ‘मी काही विकत घेण्याची वस्तू नाही’ अशा आशयाचे पत्र लिहून त्याने जायला नकार दिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ साली हरला. पण त्या धक्क्याने भिंत हलली. लवकरच नियम झाला, की ज्याने दहा वर्षे वरिष्ठ स्पर्धेत आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढली आहेत, त्याच्या संमतीवाचून त्याला कुठेही धाडता येणार नाही.

या नियमाचे फळ २०१७ साली दिसले. डेट्रॉइटचा चौतीस वर्षांचा जस्टिन व्हर्लँडर तेरा हंगाम एकाच संघात होता. ह्यूस्टनला तो हवा होता. त्याच आठवड्यात वादळाने ते शहर पाण्याखाली गेले होते. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत निर्णय व्हायचा होता, आणि तो त्याच्या हाती होता. घड्याळ बाराला टेकत असताना तो ‘हो’ म्हणाला. पाच सामने खेळला, पाचही जिंकले, आणि ह्यूस्टनने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले. त्या वर्षी ह्यूस्टनच्या फलंदाजांनी कॅमेऱ्याच्या साह्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्या होत्या, हे २०२० च्या चौकशीत सिद्ध झाले. त्या विजेतेपदाला तो डाग लागला तो लागलाच. तथापि म्हाताऱ्या बाहूची पारख चुकली नव्हती. पिचरला मिळणारा सर्वोच्च मान त्याने ह्यूस्टनसाठी २०१९ आणि २०२२ साली मिळवला.

जुन्या अलेक्झांडरला मात्र असे कोणी विचारले नव्हते. १९२६ नंतरही तो चार हंगाम खेळला, एकूण ३७३ सामने जिंकला. मॅथ्यूसनची एकूण बेरीजही नेमकी तेवढीच आहे. मग हात थकला, पैसा आटला. १९३९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकातल्या पिसवांच्या सर्कशीत उभा राहून तो लाझेरीला कसे बाद केले याची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. १९५० च्या नोव्हेंबरात नेब्रास्कातल्या एका गावी, भाड्याच्या खोलीत तो वारला. दोन वर्षांनी त्याच्यावर चित्रपट निघाला. एका राष्ट्राध्यक्षाचे नाव लावणाऱ्या या माणसाची भूमिका त्यात रोनाल्ड रेगन यांनी केली, आणि पुढे तेही राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या जूनच्या व्यवहारात शिकागोने काय गमावले आणि सेंट लुइसने काय कमावले, याचा हिशेब पैन् पै लिहिलेला सापडतो. म्हाताऱ्याच्या नावाचा रकाना मात्र त्या वहीत कोणी आखलेलाच नव्हता.